पायातला वाळा

मी पहाटे चारला आजीला फोन करायचे तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार वाजलेले असायचे. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी मी तीन महिने अमेरिकेतल्या ॲरिझोनात होते. तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे आमच्यातलं हे साडेबारा तासांचं अंतर तिन्ही महिने तसंच राहिलं. माझ्या हातात कॉफीचा मग, तिच्या हातात चहाची कपबशी. माझ्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख, आणि तिच्या खिडकीबाहेर नारायण पेठेतल्या रिक्षांचे हॉर्न, ते मला फोनमधून ऐकू यायचे.

"निघालीस का पाखरं धरायला?" असं ती रोज विचारायची. पहिल्याच आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं होतं. नदीकाठच्या झाडीत जाळी लावायची, सापडलेले पक्षी सोडवून घ्यायचे, पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायची, पंख मोजायचा, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बाळाला वाळा घालतात तसं," ती म्हणाली. आणि मग, "पण सोडूनच द्यायचं तर धरायचं कशाला गं?"

त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी अर्जात लिहिलेलंच काहीतरी तिला ऐकवलं. खरं उत्तर मला त्याच उन्हाळ्यात मिळालं, पण ते मिळेपर्यंत माझ्या हातून एक जीव गेला होता.

नदीचं नाव सॅन पेड्रो. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात कानानेआ गावाजवळ ती उगम पावते, सीमा ओलांडून ॲरिझोनात शिरते आणि उत्तरेला वाहत जाऊन गिला नदीला मिळते. मी धरणांच्या गावची. आमच्या मुठेला पाणी किती येणार हे खडकवासल्याचे दरवाजे ठरवतात. सॅन पेड्रोवर मोठं धरण नाही. त्या कोरड्या मुलखात धरणाविना उरलेल्या मोजक्या मोठ्या नद्यांपैकी ती एक आहे. जूनमध्ये तिच्यात कुठे घोटाभर पाणी, तर कुठे नुसती ओली वाळू. टेकडीवरून बघितलं तर करड्या माळावर कुणीतरी हिरव्या दोऱ्याने धावदोरा घातल्यासारखी ती दिसते. बस्स, तेवढीच हिरवाई. दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल काटेरी झुडपं आणि दगड, आणि मधल्या या अरुंद पट्टीत शंभराहून अधिक जातींचे पक्षी घरटी करतात. १९८८ मध्ये या नदीचा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा राखीव झाला. पण झाडं जगतात ती जमिनीखालच्या पाण्यावर, आणि ते पाणी आजूबाजूच्या गावांच्या विहिरीही उपसतात. नकाशावर रेघ मारून ते राखता येत नाही.

मला तिथे परकं वाटेल असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी काठावरच्या एका झाडाचं लांबट पान हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि ओळखीचं हसू आलं. वाळुंज! अगदी आपला नाही, पण त्याच कुळातला, सॅलिक्सच. औंधच्या बाजूला मुळेच्या काठी वाळुंजाची जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली बसून मी कॉलेजात असताना पक्षी ओळखायला शिकले. इथे त्याला विलो म्हणत होते. पुढे माळाकडे गेलं की मेस्कीट, म्हणजे आपल्याकडे माळरानं गिळणाऱ्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. फक्त इथे ती घरचीच, आणि तिच्या ढोलीत लूसीज वॉर्बलर नावाचा सहा-सात ग्रॅमचा पक्षी घरटं करतो. आणि ज्याला इथले लोक शिव्या घालत होते तो निघाला झाऊ. आपल्या नदीपात्रांत झाऊ असतो, कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या जगातून, म्हणजे आशिया-युरोपाकडून, झाऊच्या जाती तिकडे नेल्या, शोभेसाठी आणि नदीकाठची माती धरून ठेवायला. त्यांनी काठच ताब्यात घेतले.

या झाऊची एक गोष्ट मला अजून सोडत नाही. विलो फ्लायकॅचर नावाचा एक छोटा माशीमार आहे. त्याची नैऋत्येकडची उपजात १९९५ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने राखलेली. वाळुंजाची झाडी गेली तेव्हा हा पक्षी झाऊत घरटी करायला लागला. नंतर झाऊ संपवण्यासाठी त्याची पानं खाणारे भुंगेरे आशियातून आणून २००१ पासून मोकळे सोडले. भुंगेऱ्यांनी आपलं काम चोख केलं, आणि ऐन विणीच्या दिवसांत घरट्यांवरची सावली गेली. २०१० मध्ये सरकारने भुंगेरे सोडणं थांबवलं, तोवर ते स्वतःच्या पंखांनी पसरले होते. परका म्हणून एक झाड उपटायला जावं तर त्याच्या फांदीवर कुणाची तरी अंडी असतात. आमच्या गटाला या पक्ष्याला हात लावायची परवानगी नव्हती, त्याच्यासाठी वेगळी माणसं होती. लांबून त्याचा आवाज तेवढा ऐकला.

आता जाळ्याबद्दल सांगते. इंग्रजीत त्याला मिस्ट नेट म्हणतात, म्हणजे धुक्याचं जाळं. मूळ जपानी नाव कासुमी-आमी, त्यातल्या कासुमीचा अर्थही धुकंच. जपानात ते पक्षी खाण्यासाठी धरायला वापरत, शास्त्रज्ञांनी ते तिथून उचललं. बारा मीटर लांब, अडीच मीटर उंच, केसासारखा बारीक काळा धागा. दोन खांबांमध्ये ताणून लावलं की पाच आडव्या दोऱ्या आणि त्यांच्या दरम्यान सैल सोडलेल्या चार झोळ्या. पक्षी उडत येतो, आदळतो आणि झोळीत पडतो. उजाडण्याआधी, झाडीच्या सावलीत ते खरोखर दिसत नाही. एकदा मी स्वतः लावलेल्या जाळ्याला मीच जाऊन थडकले होते, तेव्हा त्या पक्ष्यांना काय होत असेल याची पुसट कल्पना आली.

जाळ्यातून पक्षी सोडवायला शिकण्यात माझे तीन आठवडे गेले. आमची प्रमुख पन्नाशीची बाई होती, कार्डिनल पक्ष्याच्या चोचीने तिच्या बोटांवर बारीक बारीक वण उमटलेले. ती म्हणायची, धागे बघू नकोस, पक्षी बघ. तो कुठल्या बाजूने आत शिरला ते आधी ओळखायचं, कारण त्याच बाजूने तो बाहेर येणार. मग पाय. घाबरलेला पक्षी धागे बोटांत गच्च धरून ठेवतो. ओढायचं नाही. पाय हळूच सरळ केला की बोटं आपोआप उघडतात, फांदीवर झोपतानाची त्यांची जी कळ असते ती सुटते. मग मांडीवरचा धागा, मग पंखाच्या सांध्यावरचा, आणि सगळ्यांत शेवटी डोकं. तान्ह्याच्या अंगातलं झबलं काढावं तसं, एका बोटाने मान सांभाळत. कधी धागा जिभेत अडकतो, कारण पक्ष्याच्या जिभेच्या मागच्या बाजूला बारीक काटे असतात. तिथे श्वास रोखूनच काम करावं लागतं.

एकदा का तो हातात आला की पाठ तळव्यात, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये. छाती मोकळी ठेवायची. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून प्रेमानेसुद्धा घट्ट धरलेला पक्षी गुदमरतो. त्याच्या काळजाला मी धडधड म्हणणार नाही. ठोके मोजताच येत नाहीत, नुसती एक सलग थरथर तळव्याला लागत राहते, पलीकडच्या खोलीतलं शिवणयंत्र भिंतीला हात लावल्यावर जाणवावं तशी.

त्यानंतर पोटावर फुंकर. खरंच फुंकर, लहान मुलाला लागल्यावर घालतो तशीच. पिसं दुभंगतात आणि खालची कातडी दिसते, इतकी पातळ की गळ्याच्या खळगीतली पिवळी चरबी आणि छातीचा गडद लाल स्नायू आरपार दिसतो. अंड्यांवर बसणारी मादी असेल तर तिच्या पोटावरची पिसं गळलेली असतात आणि कातडी सैल, सुरकुतलेली, रक्ताने लालसर झालेली असते. अंड्यांना ऊब थेट लागावी म्हणून. एवढ्याशा पोटावरून कळतं, की या काठावर कुठेतरी एक घरटं आहे आणि ही तिथून आली आहे.

मी वाळा घातलेला पहिला पक्षी अशीच एक मादी होती. बेल्स व्हिरिओ, फिकट राखाडी, पोटाशी किंचित पिवळसर, चारचौघांत कुणाचं लक्षही जाणार नाही अशी. ८.४ ग्रॅम. चिमट्याने कडी मिटवली, ती पायावर मोकळी फिरते ना हे तपासलं, नऊ आकडी नंबर मोठ्याने वाचला आणि वहीत लिहिला. तळवा उघडला. क्षणभर ती तशीच पडून राहिली, आपण सुटलोय हे न कळल्यासारखी, आणि मग गेली.

जूनचा शेवटचा आठवडा. तिकडेही मान्सून येतो. तेही त्याला मान्सूनच म्हणतात, या शब्दाचा आणि आपल्या मोसमाचा अरबी पूर्वज एकच. जुने लोक २४ जूनपासून, सान हुआनच्या दिवसापासून, आभाळाकडे बघायला लागतात. त्या वर्षी आभाळ कोरडं ठाक होतं. सकाळी नऊलाच ऊन अंगात घुसायचं. अशा दिवसांत जाळ्यांची फेरी दर वीस मिनिटांनी व्हायला हवी आणि ऊन फार वाढलं की जाळी मिटवायची, हा नियम मला तोंडपाठ होता.

त्या दिवशी मी टेबलापाशी एका पक्ष्याच्या पंखातली जुनी आणि नवी पिसं ओळखत बसले होते. मला वाटलं फेरीला गटातला दुसरा सहकारी गेलाय. त्याला वाटलं मी जाऊन आले. मी विचारलं नाही. चाळीस मिनिटं झाली. सात नंबरचं जाळं सगळ्यांत लांब, पहाटे पूर्ण सावलीत असणारं. पण सावली सरकते. मी पोचले तेव्हा खालच्या झोळीवर थेट ऊन होतं आणि त्यात ती होती, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. सोडवायला काही सेकंदच लागले, ती धडपडतही नव्हती. सावलीत नेलं, चोचीच्या कडेला साखरपाण्याचा थेंब लावला. तिने तो घेतला. मग मला वाटतं तीन-चार मिनिटं गेली असतील. तळव्यातली ती थरथर विरळ होत गेली आणि थांबली.

मी तिला उलटी केली तेव्हा पायात वाळा दिसला. नंबर वाचला, वही उघडली. माझंच अक्षर. सोळा दिवसांपूर्वीची ओळ: मादी, पोटावर पिसं नाहीत, ८.४ ग्रॅम.

पद्धत अशी आहे, की मेलेला पक्षी टाकायचा नाही. चिठ्ठी बांधून, पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवायचा, म्हणजे तो संग्रहालयात जातो. ते मी केलं. प्रमुख मला काही बोलली नाही. तिने उरलेली जाळी मिटवली आणि दुसऱ्या दिवसापासून टेबलावर एक फळा आला, फेरीला जाणाऱ्याने नाव आणि वेळ लिहायची. तो सहकारी आणि मी आसपासच्या झुडपांत तिचं घरटं शोधत दुपारपर्यंत फिरलो. व्हिरिओचं घरटं वाटीसारखं असतं, फांदीच्या बेचक्यात लटकवलेलं. सापडलं नाही. अंड्यांवर बसायचं काम नरही करतो, पिलांना भरवतोही. मी त्या विचाराला धरून राहिले.

त्याच रात्री मी २०१२ मध्ये छापून आलेला एक अभ्यास पुन्हा वाचून काढला. अमेरिका आणि कॅनडातल्या बावीस संस्थांच्या नोंदी तपासून काढलेला आकडा: जाळ्यात धरलेल्या पक्ष्यांपैकी मरतात ०.२३ टक्के. म्हणजे हजारात दोन-तीन. आकडा खरा आहे आणि मी तो मानते. हे काम बंद करावं असं मला त्या रात्रीही वाटलं नाही. पण हजारातली ती एक माझ्या अक्षरात होती, आणि हजाराने भागून ती लहान होत नव्हती.

पहाटे चारला आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. रिक्षाचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मला वाटलं ती म्हणेल, म्हणून तर मी विचारत होते. ती म्हणाली, "नदीवरच आहेस ना? मग ओंजळभर पाणी सोड तिच्या नावानं."

तिला नाव नव्हतं. जाळी उघडून झाल्यावर मी घोटाभर पाण्यात उभी राहिले, ओंजळ भरली आणि मनातल्या मनात तो नऊ आकडी नंबर म्हटला. पाणी उत्तरेला गेलं.

जुलैत पाऊस आला. दुपारी ढग चढायचे आणि पहिल्या सरीबरोबर माळावरून क्रिओसोट झुडपाचा तो तीव्र वास यायचा, आपल्या मातीच्या वासाहून वेगळा, पण पोटात कालवणारा तसाच. अशाच एका ओल्या सकाळी चार नंबरच्या जाळ्यात एक यलो वॉर्बलर सापडला, छातीवर तांबड्या रेघा असलेला पिवळाधमक नर. पायात आधीच वाळा होता आणि तो झिजून कडेला पातळ झाला होता. भिंग लावून नंबर वाचला आणि जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांपूर्वी, याच काठावर, याच चार नंबरच्या जाळ्यात त्याला पहिल्यांदा धरलं होतं. हे पक्षी हिवाळा काढायला मेक्सिकोपासून पार दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत जातात. मधल्या तीन हिवाळ्यांत तो कुठे होता कुणास ठाऊक. काट्यावर भरला साडेनऊ ग्रॅम. आपल्याकडची पाच रुपयांची दोन नाणी मिळून त्याहून जड होतील. तीन वेळा गेला, तीन वेळा परत आला, त्याच झाडीत, त्याच पायवाटेवर.

दुसऱ्या दिवशी मी आजीला म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, धरायचं कशाला? हा तोच आहे, हे कळावं म्हणून."

"तोच म्हणजे?"

"वाळा नसेल तर नुसता एक पिवळा पक्षी. दरवर्षी कुठला तरी पिवळा पक्षी दिसतो आणि आपल्याला वाटतं, आहेत की, ठीक चाललंय. हा तोच आहे हे कळलं की मग कोण परत आलं नाही तेही कळतं."

आजीने विचार केला. "आमच्या वाड्यात दरवर्षी चिमण्या यायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचं त्याच."

परत आल्यावर मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला माझ्या वाळवंटापेक्षा जास्त भावली, कारण ती पुण्यातली होती. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने आजारी पडली. त्या तापाचा विषाणू ओळखला तो इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या नात्यातला निघाला, तेव्हा शंका आली, की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला असेल का? त्या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि १९५९ पासून पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, भारतभर पक्ष्यांना कड्या घालायला सुरुवात केली. शंका खरी ठरली नाही. पण कड्यांनी पक्ष्यांचे रस्ते दाखवले. आणि ते पक्षी धरत होती बिहारच्या मीरशिकारांची माणसं, अली हुसेनसारखी, ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फासे लावण्याचं कसब होतं. पोटासाठी शिकलेला हात अलगद सोडून द्यायला वापरला गेला. "हात तोच गं," आजी म्हणाली, "मुठीचं काय करायचं ते आपण ठरवायचं."

आजी आता नाही. मी पुण्यातच असते, पक्ष्यांचं काम पोटासाठी करत नाही. जाळंही लावत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते परवानगीशिवाय लावता येतच नाही, आणि येत असतं तरी मी हौसेसाठी लावलं नसतं. सकाळी दुर्बीण घेऊन मुळेच्या काठी जाते, त्याच जुन्या वाळुंजांपाशी. खाली घाणेरी, बोरू आणि नाव न घेण्याजोग्या कितीतरी झुडपांचा गुंता आहे. प्लॅस्टिक आहे, वास आहे. आणि दर ऑक्टोबरमध्ये तिथे ब्लिथ्स रीड वॉर्बलर येतो. मातकट रंगाचा, दहा-बारा ग्रॅमचा, रशिया-सायबेरियाकडून निघालेला. तो दिसत नाही, नुसता 'चक्, चक्' ऐकू येतो. सलग तीन हिवाळे त्याच एका झुडपातून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून.

मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाची सुधारणा चालली आहे. दगडी बांध, चालायला वाटा, बसायला बाकं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यातली माणसं झाडांना मिठी मारायला रस्त्यावर आली तेव्हा मीही होते. नदी स्वच्छ व्हावी हे मलाही मनापासून हवंय. पण आपण गुंत्याला घाण समजतो, आणि बारा ग्रॅमच्या पक्ष्यासाठी तो गुंता म्हणजेच नदी. पाणी त्याच्या फारसं कामाचं नाही. सॅन पेड्रोने मला हे शिकवलं. घोटाभर पाण्याच्या नदीत शंभर जातींची घरटी होती, कारण काठ शाबूत होता.

गेल्या ऑक्टोबरमध्ये गेले तर वाळुंज उभे होते, पण त्यांच्या खालचं सगळं साफ केलेलं. तोडलेल्या फांद्यांचा ढीग कडेला, मातीवर मशीनच्या चाकांचे वळ. पहिले दोन दिवस काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या सकाळी त्या वाळत चाललेल्या ढिगातून आवाज आला. 'चक्'. खूप वेळाने तो एका काटकीवर क्षणभर वर आला. मी आधी त्याचे पाय बघितले, ती सवय आता जाणार नाही. दोन्ही पाय मोकळे होते. तो पुन्हा ढिगात शिरला, आणि ऊन वर येईपर्यंत मी तिथेच उभी राहून त्याचा आवाज ऐकत होते.